इतिहासातली माणसं : मागं वळून न पाहिलेला सरदार

सन १२४८. फ्रान्समधल्या शँपेन प्रांतात, मार्न नदीच्या काठी, ज्वाँव्हिल नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर, टेकडीवर, तेव्हा एक किल्ला होता. ईस्टरच्या त्या आठवड्यात किल्ल्यात नुसती धमाल उडाली होती. किल्ल्याच्या मालकाला मुलगा झाला होता ना! सोमवारपासून गुरुवारपर्यंत रोज जेवणावळी, नाच, गाणी. मालकाचा भाऊ आणि इतर बडे पाहुणे पाळीपाळीनं सगळ्यांना जेवू घालत होते.

शुक्रवार उजाडला. मालकानं आपल्या हाताखालच्या सगळ्या लोकांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, की मी आता समुद्रापार लढाईला चाललोय, परत येईन की नाही ते माहीत नाही. तेव्हा माझ्या हातून कुणावर अन्याय झाला असेल तर आत्ताच सांगा, मी भरपाई करीन. एवढं बोलून तो उठला आणि चक्क दालनाबाहेर निघून गेला. का, सांगा बरं? तो समोर बसला असता तर त्याच्या तोंडाकडे बघून लोक भिडेखातर गप्प बसले असते! आत लोकांनी बसून जो काही निवाडा केला, तो त्यानं एका शब्दानं न वाद घालता मान्य केला.

हा मालक म्हणजे कुणी पिकल्या केसांचा म्हातारा नव्हता, बरं का. तो होता जेमतेम तेवीस वर्षांचा. त्याचं नाव झाँ द ज्वाँव्हिल. (नाव म्हणताना जीभ जरा अडखळते. दोनतीनदा मोठ्यानं म्हणा, जमेल.) शँपेनच्या जहागीरदाराचा तो वंशपरंपरेनं कारभारी होता. त्याचे वडील सिमाँ तो लहान असतानाच वारले होते. आई बेआत्रिसनं त्याला वाढवलं. लहानपणीच आलिक्स नावाच्या एका सरदारकन्येशी त्याचं लग्न ठरवून टाकलेलं होतं. आणि आता त्याला दोन मुलगे होते. थोरला जोफ्रुआ, आणि धाकटा, म्हणजे ज्याच्या जन्माचा एवढा जल्लोष चालला होता, तो झाँ.

तो निघाला होता क्रुसेडला. मुलांनो, तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात हा शब्द येतो. जेरुसलेम हे शहर ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू अशा तिघांनाही पवित्र. ते आपल्या ताब्यात असावं म्हणून युरोपातल्या ख्रिस्ती राजांनी आणि सरदारांनी १०९५ नंतर दोनशे वर्षं पूर्वेकडे स्वाऱ्या केल्या. कपड्यावर कापडाचा क्रूस शिवून निघायचं, म्हणून या स्वाऱ्यांना क्रुसेड म्हणतात.

एकदा वर्गात मी ही गोष्ट सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “बाई, पण घरी नुकतं बाळ झालेलं असताना तो गेलाच कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. पण झाँच्या घरची रीत बघा. त्याचे पणजोबा ११४७ च्या सुमाराला दुसऱ्या क्रुसेडला गेलेले. आजोबा तिसऱ्या क्रुसेडला गेले आणि ११९० मध्ये आक्र शहराच्या वेढ्यात मेले. थोरले काका सीरियातल्या क्राक नावाच्या प्रचंड किल्ल्यात मेले. वडीलही इजिप्तपर्यंत जाऊन आलेले. म्हणजे या घरात मुलगा मोठा झाला, की तो जायचाच. ‘मी नाही जात’ म्हणायला त्या घरात फार मोठी छाती लागली असती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

आणि ही दुसरी बाजूही ध्यानात असू द्या, की ज्यांच्या गावांवर ही माणसं चालून जात, त्यांनाही घरं होती, बाळं होती. त्यांनी काही शँपेनवर स्वारी केली नव्हती.

जायचं म्हणजे पैसा हवा. घोडे, चिलखतं, जहाजाचं भाडं, बरोबरच्या नऊ सरदारांचा खर्च. जहागिरीचा मोठा भाग अजून आईच्या नावावर होता. झाँचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला हजार लिव्रसुद्धा नव्हतं. (लिव्र म्हणजे त्या काळी हिशेबाला वापरायचं परिमाण.) त्यात अन्यायानं मिळवलेला एकही पैसा बरोबर न्यायचा नाही, असा त्याचा हट्ट. मग त्यानं बरीचशी जमीन गहाण टाकली.

निघायच्या दिवशी तो अनवाणी, नुसत्या सदऱ्यानिशी, हातात यात्रेकरूची काठी घेऊन आसपासच्या देवस्थानांना पायी गेला. जाताना त्यानं किल्ल्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. राग म्हणून नव्हे. आपला तो सुंदर किल्ला आणि आत असलेली दोन मुलं दिसली तर काळीज विरघळेल, अशी त्याला भीती वाटत होती. हे त्यानं स्वतःच म्हातारपणी लिहून ठेवलंय. मला मात्र एक गोष्ट खटकते. किल्ला आठवला, मुलं आठवली, पण आलिक्सचं नाव त्या ठिकाणी नाही! ती बिचारी किल्ल्यातच होती, पुढची सहा वर्षं घर सांभाळत.

ऑगस्टमध्ये मार्सेय बंदरातून जहाज सुटलं. ते जहाज मोठं गमतीचं होतं. त्याच्या कुशीला एक दार होतं. त्या दारातून घोडे आत चढवायचे आणि मग दाराच्या सगळ्या फटी पक्क्या बुजवून टाकायच्या, पिंपाच्या फटी बुजवतात तशा. कारण जहाज भर समुद्रात गेलं, की ते दार पाण्याखाली जायचं! वाटेत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक डोंगर दिसला. रात्रभर जहाज हाकलं आणि सकाळी बघतात तो पुन्हा तोच डोंगर समोर. असं दोनतीनदा झालं. खलाशी घाबरले. शेवटी एका पाद्र्यानं डोलकाठीभोवती प्रार्थना म्हणत मिरवणूक काढायला सांगितलं. आमच्या शूर सरदाराला बोट इतकी लागली होती, की मिरवणुकीत त्याला दोघांनी काखेत हात घालून धरून चालवावं लागलं.

सायप्रस बेटावर पोचेपर्यंत त्याच्यापाशी फक्त २४० लिव्र उरले. बरोबरचे सरदार कुरकुरू लागले, की पैसे मिळाले नाहीत तर आम्ही सोडून जाऊ. तेव्हा फ्रान्सचा राजा नववा लुई यानं त्याला बोलावून घेतलं, आपल्या पगारावर ठेवलं आणि ८०० लिव्र दिले. राजा तेव्हा चौतीस वर्षांचा होता. इथून दोघांची ओळख वाढली, आणि तिची दाट मैत्री झाली.

जून १२४९ मध्ये फौज इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरली. दमिएत्ता हे बंदर जवळजवळ न लढताच हाती आलं. सगळे खूश झाले. पण खरी परीक्षा पुढं होती. इजिप्तचा सुलतान आजारपणात वारला, तर त्याच्या बेगमेनं, तिचं नाव शजर अद-दुर्र, ती बातमी दडवून ठेवली आणि कारभार असा चालवला, की फौजेचा धीर सुटू दिला नाही. मोठी हुशार बाई! फेब्रुवारी १२५० मध्ये मन्सुरा गावापाशी मोठी लढाई झाली. राजाचा भाऊ उतावळेपणानं गावात घुसला आणि बहुतेक साथीदारांसकट मारला गेला.

झाँ आणि त्याचे काही सोबती एका पडक्या घराशी अडकले. चहूकडून मार बसत होता. एराार नावाच्या सरदाराच्या तोंडावर तलवारीचा असा घाव बसला, की नाक लोंबू लागलं. तशा अवस्थेत त्यानं झाँला काय विचारावं? समोरच्या मैदानात राजाचा दुसरा भाऊ दिसतोय, त्याच्याकडे मदत मागायला मी गेलो तर मला आणि माझ्या वारसांना कुणी नावं तर नाही ना ठेवणार? जीव चाललेला, तरी चिंता घराण्याच्या नावाची! झाँ म्हणाला, की तू गेलास तर उलट तुझा मानच होईल. तो गेला, मदत घेऊन आला. इतरांचे जीव वाचले. तो मात्र त्या घावानं मेला.

त्याच दिवशी दुपारी झाँनं एक लहानसा पूल राखला. अंगात पाच बाण, घोड्याला पंधरा. शेजारी लढणारा एक उमराव हसत हसत त्याला म्हणत होता, की या दिवसाच्या गोष्टी आपण घरी गेल्यावर बायकांच्या दालनात बसून रंगवून सांगू.

पण घर लांब राहिलं. छावणीत रोगाची साथ आली. पायाचं मांस सुकायचं, कातडीवर काळे डाग पडायचे, हिरड्या सुजून इतक्या वाढायच्या की घास गिळता येईना. मग न्हावी ते मांस कापून काढायचे आणि माणसं ओरडायची. लोकांना वाटलं, नदीतले मासे प्रेतं खातात आणि ते मासे आपण खातो म्हणून हे होतंय. आजचे जाणकार म्हणतात, हा स्कर्व्ही रोग. ताजी फळं, भाजीपाला न मिळाल्यानं होणारा. चार लिंबं किंवा मूठभर आवळे मिळाले असते तर किती माणसं वाचली असती!

एप्रिलमध्ये फौजेनं माघार घेतली आणि राजासकट सगळे पकडले गेले. झाँ तापानं फणफणलेला, नाईल नदीतल्या एका होडीत होता. शत्रूची गलबतं चालून येताना दिसली तेव्हा काय करायचं यावर सगळ्यांचा विचारविनिमय झाला. त्याचा एक नोकर म्हणाला, की आपण सगळे मरू आणि सरळ स्वर्गात जाऊ. पुढं झाँ प्रामाणिकपणे लिहितो, की आम्ही काही त्याचं ऐकलं नाही!

मग घडलं ते नवलच. शत्रूच्याच बाजूचा एक मुसलमान माणूस पोहत होडीपाशी आला, झाँच्या कमरेला मिठी घालून त्याला दुसऱ्या गलबतावर घेऊन गेला. तिथं कुणी झाँच्या गळ्याला सुरी लावली, तर हा ओरडतोय, राजाचा भाऊबंद आहे, राजाचा भाऊबंद आहे! राजाचा भाऊबंद म्हणजे मोठी खंडणी मिळणार. म्हणून जीव वाचला. खरं तर झाँ राजाचा कुणीच नव्हता. पुढं तिथल्या सेनापतीनं विचारलं, तेव्हा त्यानं ते खरंखरं सांगूनही टाकलं.

त्याच्या अंगावरचं चिलखत उतरवलं गेलं. तो भीतीनं आणि तापानं लटलट कापत होता. तेव्हा त्यांनी त्याच्याच सामानातलं एक पांघरूण त्याच्या अंगावर टाकलं. लाल लोकरीचं, आतून मऊ फरचं. घरून निघताना आईनं दिलेलं. त्यानं त्या पांघरुणाला मधोमध भोक पाडलं, त्यातून डोकं काढलं आणि अंगरख्यासारखं घालून बसला. घशात गळू झालं होतं, पाणी प्यायलं तर नाकातून येई. त्याची माणसं रडू लागली. पण एका मुसलमान सरदारानं काहीतरी औषध प्यायला दिलं आणि दोन दिवसांत त्याला उतार पडला.

ज्यानं पोहत येऊन वाचवलं, तो माणूस निरोप घेताना एक गोष्ट सांगून गेला. कैद्यांमध्ये बार्तेलमँ नावाचा एक लहान मुलगा होता, एका फ्रेंच सरदाराचा. या मुलाचा हात सोडू नकोस, सुटलास तर हा जगायचा नाही, असं त्यानं झाँला बजावलं. दोन मुलगे घरी ठेवून आलेला बाप त्या परक्या मुलाचा हात धरून चालत होता.

सुटकेची रक्कम ठरली. सुलतानानं आधी पाच लाख लिव्र मागितले. राजानं जराही घासाघीस न करता होकार दिला. सुलतानाला इतकं नवल वाटलं, की त्यानं आपणहून एक लाख कमी केले, असं झाँ सांगतो. चार लाख! आता गणित करा. झाँचं वर्षाचं उत्पन्न हजाराच्या आत. म्हणजे त्याला एवढी रक्कम जमवायला चारशेहून जास्त वर्षं लागली असती. तेवढ्यात तुरानशाह या नव्या सुलतानाला त्याच्याच सैनिकांनी ठार मारलं. सगळ्यांचे प्राण कंठाशी आले. पण करार टिकला.

निम्मी रक्कम जागच्या जागी द्यायची होती. पैसे मोजायचे नाहीत, तराजूत तोलायचे. तोलता तोलता दोन दिवस गेले आणि शेवटी तीस हजार लिव्र कमी पडले. टेम्पलर नावाच्या योद्धे-साधूंच्या गलबतावर लोकांच्या ठेवींच्या पेट्या होत्या. ते म्हणाले, दुसऱ्याची ठेव द्यायची नाही अशी आम्ही शपथ घेतलीय. झाँ आजारानं अगदी पाप्याचं पितर झालेला. तरी तो गलबतावर गेला, तिथं पडलेली कुऱ्हाड उचलली आणि म्हणाला, की ही राजाची किल्ली! मग त्यांनी मुकाट्यानं किल्ल्या दिल्या. हे एक प्रकारचं नाटकच होतं. जबरदस्ती झाली म्हटल्यावर शपथ मोडल्याचा दोष नाही!

पैसे देऊन झाल्यावर एका सरदारानं फुशारकी मारली, की तोलताना आम्ही त्यांना दहा हजारांना फसवलं. राजा भयंकर चिडला. झाँनं हळूच त्या सरदाराच्या पायावर पाय दिला आणि राजाला म्हणाला, की हा थट्टा करतोय. पण राजा ऐकेना. कमी पडले असतील तर आत्ता द्या, म्हणाला.

आणि आता ज्यासाठी मी ही गोष्ट लिहायला घेतली, तो प्रसंग.

सुटलेली मंडळी समुद्रमार्गे आक्र शहरात आली. तिथं राजानं सगळ्यांना विचारलं, फ्रान्सला परत जायचं की इथंच थांबायचं? एकामागून एक बडे बडे सरदार म्हणाले, घरी चला. सगळे थकलेले, आजारी, खिसे रिकामे. झाँची पाळी आली. पंचवीस वर्षांचा पोर. दोन वर्षं झाली, धाकट्या मुलाला त्यानं पाळण्यात सोडलं होतं. तो म्हणाला, थांबा. का? सरदार सुटले, पण साधी माणसं, शिपाई, नोकरचाकर इजिप्तमध्ये अजून कैदेत आहेत. राजा निघून गेला तर ती कधीच सुटणार नाहीत. घरून निघताना त्याचा एक चुलतभाऊ त्याला बजावून गेला होता, की ज्या गरीब माणसांना घेऊन जातोस त्यांना शत्रूच्या हाती टाकून परत आलास, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

बैठक संपली आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. राजाला वेड लागलंय का, ज्वाँव्हिलचं ऐकायला? कुणी त्याला शिंगरू म्हणून चिडवलं. त्या मुलखात जन्मलेल्या युरोपियनांना तसं हिणवत असत. जेवताना राजा त्याच्याशी अवाक्षर बोलला नाही. झाँला वाटलं, संपलं, राजा रागावला. तो उठून एका खिडकीपाशी गेला, गजांतून हात बाहेर काढून उभा राहिला आणि विचार करू लागला, की राजा गेला तर आपण इथंच कुठंतरी चाकरी धरून राहू. इतक्यात मागून कुणीतरी त्याच्या दोन्ही खांद्यांवर रेलून त्याच्या डोक्यावर हात ठेवले. त्याला वाटलं दिवसभर पिडणारा तो एक सरदारच असणार, म्हणून वैतागून म्हणाला, जा हो, सोडा मला! डोकं वळवलं तसा तो हात चेहऱ्यावरून घसरला, आणि बोटातली पाचूची अंगठी त्याला दिसली. हात राजाचा होता.

राजा म्हणाला, एवढे शहाणेसुरते एकीकडे असताना तू एवढासा पोर उलट बोलायचं धाडस कसं केलंस? मग म्हणाला, की निश्चिंत राहा, तुझा मी आभारी आहे, पण आठवडाभर कुणाला सांगू नकोस.

राजा थांबला. पुढच्या चार वर्षांत शेकडो कैदी सुटून आले. झाँही थांबला. या काळात एकदा राणी बाळंत होऊन राजाकडे आली, तेव्हा झाँच्या एक गोष्ट ध्यानात आली, की आपण पाच वर्षं राजाजवळ आहोत, पण यानं बायकोमुलांविषयी कधी चकार शब्द काढला नाही. घरच्यांशी असं परकेपणानं वागणं काही बरं नव्हे, असा शेरा त्यानं मारून ठेवलाय. (आणि स्वतःची आलिक्स? असं विचारायचा मोह मला आवरत नाही!)

१२५४ साली झाँ घरी परतला. धाकटा झाँ आता सहा वर्षांचा झाला होता. पण गावात पाऊल टाकल्यावर काय दिसलं? तो नसताना राजाच्या आणि शँपेनच्या जहागीरदाराच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या कुळांना पार नागवलं होतं. ज्या राजाची चाकरी तो परमुलखात करत होता, त्याच राजाच्या कारकुनांनी! तो मग कामाला लागला. जमीनजुमला, तंटे, कुळं. आलिक्स वारली. १२६१ मध्ये त्यानं दुसरं लग्न केलं. गंमत म्हणजे या बायकोचं नावही आलिक्सच! तिच्यापासून त्याला आणखी मुलं झाली. त्याचा भाऊ जोफ्रुआ, तो तिकडे आयर्लंडमध्ये जाऊन ट्रिम नावाच्या किल्ल्याचा धनी झाला होता.

राजाकडे जाणंयेणं होतंच. एकदा राजानं त्याला विचारलं, पवित्र गुरुवारी तू गरिबांचे पाय धुतोस का? झाँनं नाक मुरडलं, की त्या गावंढळांचे पाय मी मुळीच धुणार नाही. राजानं त्याला चांगलं समजावलं. तेव्हा झाँ काही संत नव्हता, हे विसरू नका.

मार्च १२६७. राजानं सगळ्या सरदारांना पॅरिसला बोलावलं. झाँला दोन दिवसांआड येणारा हिवताप होता, त्यानं यायला नको म्हणून कळवलं, पण राजानं ऐकलं नाही. तिथं राजानं पुन्हा क्रूस घेतला. पुन्हा स्वारी! झाँनंही चलावं म्हणून राजानं आणि शँपेनच्या जहागीरदारानं त्याला फार गळ घातली.

पणजोबा गेले, आजोबा गेले, काका गेले, वडील गेले, तो स्वतः गेला. आता समोर साक्षात मित्र, तोही राजा. झाँ म्हणाला, नाही. मागच्या खेपेला मी तिकडे होतो तेव्हा तुमच्याच माणसांनी माझ्या लोकांना भिकेला लावलं. ती झळ अजून भरून निघालेली नाही. देवाला आवडेल असं काही करायचं असेल, तर मी इथंच राहून माझ्या लोकांना सांभाळलं पाहिजे. गेलो तर देवच माझ्यावर कोपेल.

आक्रमध्ये ज्या माणसांसाठी तो घरी गेला नाही, तसल्याच माणसांसाठी आता तो घरातून हलला नाही. तेव्हा त्याला शिंगरू म्हणाले. या वेळी काय म्हणाले असतील, कल्पना करा.

पण राजावरची माया तशीच. राजा तेव्हा इतका अशक्त झाला होता, की त्याला घोड्यावर बसवेना, गाडीचे हिसके सोसवेनात. पॅरिसमध्ये निरोपाच्या दिवशी झाँनं त्याला एका उमरावाच्या वाड्यापासून मठापर्यंत चक्क दोन्ही हातांवर उचलून नेलं. अशा माणसाला स्वारीवर जायचा सल्ला देणाऱ्यांनी मोठं पाप केलं, असं त्यानं पुढं स्पष्ट लिहिलं. २५ ऑगस्ट १२७० ला ट्युनिसजवळच्या छावणीत राजा आजारानं वारला. दमिएत्तात कैदेच्या दिवसांत जन्मलेला त्याचा मुलगाही तिथंच गेला.

झाँ मात्र खूप जगला. १२९७ मध्ये पोपनं राजाला संत म्हणून जाहीर केलं. त्यासाठी त्याआधी झालेल्या चौकशीत झाँनं दोन दिवस साक्ष दिली होती. नातराजाच्या राणीनं आग्रह केला म्हणून त्यानं आठवणी सांगून लिहून घेतल्या. पुस्तक पुरं झालं १३०९ मध्ये, तोवर ती राणीही हयात नव्हती. तो तेव्हा चौऱ्याऐंशीच्या घरातला होता. पांघरूण, पाचूची अंगठी, बोट लागणं, पायावर दिलेला पाय, हे सगळं आपल्याला कळतं ते त्या पुस्तकामुळे. काकांची ढाल त्यानं सीरियातल्या क्राकहून आणून ज्वाँव्हिलच्या देवळात टांगली होती. १३१५ मध्ये नव्वदीच्या आसपास असताना नव्या राजानं लढाईला बोलावलं, तर उशीर होतोय म्हणून माफी मागणारं पत्र त्यानं धाडलं. ते पत्र आजही शिल्लक आहे. १३१७ च्या डिसेंबरात तो वारला.

पुस्तकाच्या शेवटाजवळ त्यानं एक स्वप्न सांगितलंय. राजा वारल्यानंतर एकदा तो स्वप्नात आला, ज्वाँव्हिलच्या किल्ल्यातल्या देवघरासमोर, अगदी खुशीत. झाँ घाईघाईनं म्हणाला, की महाराज, इथून निघालात की शव्हियाँ गावात माझं घर आहे, तिथं तुमची उतरायची सोय करतो. राजा हसला आणि म्हणाला, की मला काही इतक्यात इथून हलायचं नाही. झाँला जाग आली. त्यानं विचार केला आणि किल्ल्यातल्या त्या देवघरात राजाच्या नावानं एक वेदी बांधून घेतली.